‘इतर’ गटातली होडी

सेक्रेटरीने जिन्यात ती नोटीस लावली नसती तर मी होडीत पाय ठेवला नसता. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता गावभर बोलतात की मलाच या वयात हौस आली होती. हौस बिऊस काही नाही. आपल्या बंदराच्या वारशाचा म्हणे सप्ताह होता आणि प्रत्येक इमारतीने त्यात भाग घ्यायचा होता. पुरुषांनी जुन्या जहाजांवर भाषणं करायची, मुलांनी चित्रं काढायची, आणि अगदी शेवटच्या ओळीत, ‘महिलांनी फुगे फुगवावेत.’

मी नोटीस चष्मा लावून वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. फुगेच होते.

“फुग्यांचा आणि बंदराचा काय संबंध?” मी सेक्रेटरीला विचारलं.

“सजावट, काकू,” तो म्हणाला. हा मनुष्य एका खताच्या कंपनीत नोकरीला आहे, पण जिन्यात उभा राहिला की सगळी जहाजं त्याला विचारून आत येतात असं वाटावं. “बायकांसाठी होडीची शर्यत आहे तशी. पण ती कॅप्टन लोकांच्या वसाहतीतल्या बायका करतात. त्यांना सवय असते. आपल्याला कशाला तो ताप?”

कॅप्टन लोकांच्या वसाहतीत माझी लेक दिली आहे. त्या शर्यतीत सुकाणूवर कोण बसतं तेही मला ठाऊक होतं. माझी विहीण.

आता विहीणबाईंबद्दल मी वाईट बोलणार नाही. चांगलं बोलायला फार काही नाही, एवढंच. लेकीच्या लग्नात जेवणं आटोपल्यावर त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या, “आमच्याकडे सगळे समुद्रावरचे. यांच्याकडे किनाऱ्यावरचे.” हे म्हणजे आमच्या ह्यांना उद्देशून. ह्यांनी जन्मभर धक्क्यावर क्रेन चालवली. मी तिथल्या तिथे हसत म्हटलं, “बरोबर आहे विहीणबाई. कॅप्टनसाहेब वर्षातले बरेच महिने समुद्रावर असतात, म्हणून तर तुमचा संसार इतका सुखाचा झाला.” मी काही खोटं बोलले नव्हते. पण त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींशी लेकीच्या तोंडून बोलतो. “आईंना सांग,” “सासूबाईंना कळव,” असं. लेकीचा जीव नुसता टपालखात्यासारखा झाला होता.

तर मी पेन घेतलं आणि नोटिशीवर ‘फुगे’ खोडून ‘होडी’ लिहिलं. माझं अक्षर फार शाळा पाहिलेलं नाही, पण ठळक येतं.

संध्याकाळी लेक आली. नातू कडेवर. बातमी तिच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती.

“आई, खरं आहे का हे?”

“काय?”

“तू सासूबाईंच्या विरुद्ध उतरणार आहेस.”

“मी शर्यतीत उतरणार आहे. त्या विरुद्ध असतील तर माझा काय दोष?”

ती बसली. नातवाला माझ्या मांडीवर दिलं, म्हणजे मला उठून जाता येऊ नये. “नीट ऐक. शर्यतीनंतरच्या रविवारी हा वर्षाचा होतोय. तू म्हणतेस वाढदिवस इथे, त्या म्हणतात तिथे. मी आजवर दोघींना हो म्हणत आले. पण धक्क्यावर सगळ्या गावासमोर तुमची दोघींची जुंपली, तर मी वाढदिवस हॉटेलात करीन आणि दोघींपैकी एकीलाही बोलावणार नाही.”

“मग आम्ही काय करायचं?”

“फोटो पाठवीन.”

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मी नातवाला जवळ ओढलं. ही शांतपणे बोलते तेव्हा करून मोकळी होते. लग्नही असंच शांतपणे ठरवून आली होती.

“सासूबाईंनाही हेच सांगितलंय,” ती म्हणाली. “एक शब्द नको. तू त्यांना नाही, त्यांनी तुला नाही.”

मी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. तो माझी बांगडी चघळत होता. आजीवर आपला पहिला वाढदिवस फोटोत बघण्याची पाळी येऊ नये, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं; लेक म्हणाली दात येतायत.

पुढची पायरी म्हणजे बंदर-कार्यालय. तिथल्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. ‘समुद्राशी असलेलं कौटुंबिक नातं.’

“यजमान क्रेन चालवायचे,” मी म्हटलं.

“क्रेन कुठे असते?”

“धक्क्यावर.”

“मग नातं जमिनीशी झालं. कार्यालयाच्या दृष्टीने धक्का जमिनीत येतो.”

“अहो, जहाज येऊन लागतं कुठे मग? शेतात?”

त्याने मान हलवली. वाईट मनुष्य नव्हता. फक्त जे छापलेलं नाही ते त्याला दिसत नसे. “नाविक, कोळी, दीपस्तंभावरचे कर्मचारी, गोताखोर, एवढे गट आहेत. क्रेन नाही.”

“आणि जहाजातला माल उतरवत कोण होतं? मासे?”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. कारकून उठून साहेबांना विचारायला गेला. साहेब सुकाणू आणि नांगर यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन कसं करावं यावर बैठकीत होते. तो बऱ्याच वेळाने परत आला आणि म्हणाला, “साहेब म्हणतात, ‘इतर’ गटात घ्या.”

तर आमच्या छातीवर बांधायच्या पट्ट्यांवर ठसठशीत अक्षरांत छापून आलं, ‘इतर’. बाकीच्या होड्यांवर नाविक, कोळी, दीपस्तंभ, आमच्यावर इतर. मी घरी येऊन ह्यांना ती पट्टी दाखवली. मला वाटलं चिडतील. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, पट्टी वाचली आणि म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. माझी क्रेन पाण्यात गेलेली मी कधी पाहिली नाही.” माझा अपमान मी एकटीने सोसते, यांचाही मीच सोसते. घरात दुसरं कोणी हात लावत नाही.

मग आणखी एक कागद निघाला. पाण्यावर तरंगता येतं असा दाखला. तो नगरपालिकेच्या तलावावर मिळतो. मी पायऱ्या उतरून पाण्यात गेले आणि कठडा धरून उभी राहिले.

“सोडा आता,” तिथला शिक्षक म्हणाला.

“तुम्ही आधी सही करा, मग सोडते.”

“असं नसतं बाई. आधी तरंगायचं.”

“तुम्ही मला ओळखत नाही. सही झाली की मी शब्दाला जागते.”

आमच्या दुसऱ्या मजल्यावरची नर्स सोबत आली होती. ती काठावरून म्हणाली, “साहेब, यांचं ब्लडप्रेशर माझ्या हाताखाली आहे. यांना वाद घालायला लावू नका.” शिक्षकाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि सही केली. मी शब्दाला जागले. सोडलं. तरंगले की नाही ते त्यालाच विचारा. कठडा मात्र परत पटकन सापडला.

होडीसाठी बायका जमवणं त्या मानाने सोपं गेलं. फुगे कोणालाच फुगवायचे नव्हते. नर्स आली. तिसऱ्या मजल्यावरची मास्तरीण आली. ती भूगोल शिकवते, त्यामुळे समुद्र आपल्याच विषयात येतो असं तिचं म्हणणं. शेजारच्या जिन्यातल्या तिघी आल्या, त्यांना घराबाहेर पडायला कारण हवं होतं. आणि माझी सून आली. सून बँकेत आहे. घरात कमी बोलते. मी तिला “तू पण येशील का” असं विचारलं नव्हतं. “तू येणारेस” असं सांगितलं होतं. ती “बरं” म्हणाली. तिच्या ‘बरं’मध्ये काय असतं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आणि सल्ले. सल्ल्यांची तर जत्राच लागली. तळमजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले, होडीत बसताना पोटात वारा जाऊ देऊ नका. केस कापणारी म्हणाली, मान आखूड दिसेल असे केस ठेवा, वारा कमी लागतो. सेक्रेटरीने सांगितलं की वल्हं मारताना श्वास आत घ्यावा, आणि त्याच्या बायकोने सांगितलं की बाहेर सोडावा, आणि त्यावरून त्या दोघांचं दारातच लागलं. त्यांची समजूत घालण्यात आमची एक संध्याकाळ गेली.

सराव आम्ही गच्चीवर केला. खुर्च्या एकामागे एक मांडल्या, हातात झाडू दिले, आणि मी सगळ्यांच्या मागे टाकीपाशी उभी राहून पातेल्यावर डाव आपटत होते. “एक, दोन. एक, दोन. मास्तरीणबाई, तुमचं वल्हं ढगात चाललंय. एक, दोन. तो झाडू आहे गं, केर काढू नकोस, पाणी ओढ. एक, दोन.” सगळ्या पुढे बघत बसलेल्या, बसमध्ये बसतात तशा. इतक्या एकसारख्या वल्हवायला लागल्या की खालच्या मजल्यावरचा दिवा डुलायला लागला. मग सेक्रेटरीची दुसरी नोटीस लागली: ‘गच्चीवर वल्हवण्यास सक्त मनाई आहे.’ ती मी कापून ठेवली आहे. अशी नोटीस दुसऱ्या कुठल्या इमारतीत लागली असेल असं वाटत नाही.

मग आम्ही होडी पाहायला गेलो. होडी एका म्हाताऱ्याची होती. त्याने ती भाड्याने नाही, उपकारावर दिली, आणि सारखं एकच सांगत राहिला, “रंग नवा आहे.”

“सांभाळून नेऊ,” मी म्हटलं.

“नेऊ नकाच फार. रंग नवा आहे.”

आम्ही एकेक करून आत उतरलो आणि गच्चीवरच्यासारख्या पुढे तोंड करून बसलो. म्हाताऱ्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“जायचंय कुठे तुम्हाला?”

“तिकडे. पुढे.”

“मग तोंडं इकडे करा. वल्हवणारा मागे बघतो. पुढे फक्त सुकाणूवाला बघतो.”

झालं. सगळ्या उलट फिरल्या आणि माझ्यासमोर सहा तोंडांची रांग लागली. आजवर या बायकांना मी पाठीमागून बोलले होते. पाठीला काय, काहीही बोलता येतं. आता प्रत्येकीचे डोळे माझ्यावर. आणि सगळ्यात पुढे, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, माझी सून. लग्न होऊन आल्यापासून तिने इतका वेळ सरळ माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मीही नाही. तिच्या हनुवटीवर तीळ आहे हे मला होडीत कळलं.

“चला,” मी म्हटलं. “एक, दोन. नर्सबाई, डावीकडे हात जोरात. एक...”

होडी गोल फिरली. माझं डावं ते त्यांचं उजवं होतं. मी “डावं” म्हटलं की अर्ध्या जणी माझं डावं धरत, अर्ध्या स्वतःचं. मास्तरीण मध्येच थांबून दिशा कशा ठरतात ते समजावून सांगायला लागली. आम्ही धक्क्याला एक चक्कर मारली आणि होतो तिथे परत आलो. म्हातारा काठावरून रंग बघत होता.

सून म्हणाली, “आई, एक सांगू?”

“सांग.”

“तुम्ही आधी मोजा, मग रागवा. दोन्ही एकदम केलं की आम्ही रागवण्याच्या शब्दावर वल्हं मारतो. ते एक-दोनपेक्षा जास्त येतात.”

मला रागावायचं होतं. पण सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, वल्ही वर धरून, म्हणजे रागावले असते तर होडी सुटलीच असती. मी आधी मोजलं.

सुकाणूचा तर वेगळाच न्याय. दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे जाते. मी घरी येऊन ह्यांना विचारलं, हे असं का. हे म्हणाले, “तुला जिकडे जायचं नाही तिकडे लोट, म्हणजे जायचं तिकडे जाशील.” मी म्हटलं, क्रेनवाल्याला सुकाणूतलं कळतं तरी काय. पण दुसऱ्या दिवशी तसंच निघालं. हे त्यांना मी सांगितलेलं नाही.

शर्यतीच्या दिवशी धक्का माणसांनी फुलला होता. भोंगे, पताका, जुन्या जहाजांची चित्रं. कॅप्टनसाहेब गळ्यात दुर्बीण अडकवून, नातवाला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. आमचे हे त्यांच्या शेजारी बसले होते आणि दोघं मजेत गप्पा मारत होते. पुरुषांना अपमान धरून ठेवायचा सरावच नसतो. शेजारच्या होडीत विहीणबाई सुकाणूवर. पांढरी टोपी, पांढरे कपडे, पट्टीवर ‘नाविक’. त्यांच्यासमोर वल्ह्याला माझी लेक. ती मला बघून हसली नाही. फक्त एक बोट ओठांवर ठेवलं. मग मान वळवून तेच बोट सासूला दाखवलं.

विहीणबाईंनी माझ्या छातीवरची पट्टी वाचली. ‘इतर.’ त्यांचे ओठ हलले, पण आवाज काढला नाही. मीही त्यांच्या टोपीवर बोलायचं एक सुंदर वाक्य गिळलं. ते अजून माझ्याजवळ आहे.

भोंगा झाला. होड्या सुटल्या. सुरुवात आमची बरी झाली, कारण मी घाबरले होते आणि घाबरले की मी नीट मोजते. खाडीच्या तोंडाशी एक लाल पिंप तरंगत ठेवलं होतं. त्याला वळसा घालून परत यायचं. कोळणी केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. त्यांच्यामागे दीपस्तंभवाल्या, मग विहीणबाईंची होडी, मग आम्ही. पिंप जवळ आलं. विहीणबाईंनी असा झोकात वळसा घेतला की किनाऱ्यावरून टाळ्या आल्या. मी पण दांडा लोटला. जिकडे जायचं नाही तिकडे. पण टाळ्या ऐकून माझं क्षणभर लक्ष उडालं, आणि आपल्याला कुठे जायचं नाही हेच मला आठवेना.

आम्ही सरळ त्यांच्याकडे निघालो.

“एक, दोन,” मी म्हणत होते, कारण दुसरं काय म्हणणार. बोलायचं नाही असं कबूल केलं होतं. ‘बाजूला व्हा’ हे बोलण्यात धरायचं की नाही, याचा मी विचार करत होते. विहीणबाईही तोच विचार करत असाव्यात, कारण त्या हातवारे करत होत्या, तोंड घट्ट मिटून. मग हातवारे पुरेनात म्हणून उभ्या राहिल्या. होडीत उभं राहायचं नसतं हे नियमांत पहिल्या क्रमांकावर आहे, आणि ते नियम त्यांच्याच वसाहतीतल्या महिला मंडळाने केलेत.

आमचं टोक त्यांच्या कडेला हलकेच लागलं. रंग गेला तेवढाच. पण विहीणबाई पाण्यात.

 लेक वल्हं सोडून ओरडली, “आई.” कोणत्या आईला, ते आम्हा दोघींपैकी कोणालाच कळलं नाही. पांढरी टोपी पाण्यावर तरंगत होती आणि तिच्या बाजूला विहीणबाई, फुगवलेल्या जाकिटात हनुवटीपर्यंत, अजूनही तोंड मिटून. त्यांची होडी पुढे वाहत गेली होती. आमची जवळ होती.

मी हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“धरा हो,” मी म्हटलं. लेकीला दिलेला शब्द मी तिथे मोडला. “धरा आधी. नंतर वाटलं तर सोडा.”

त्यांनी धरला. नर्सने दुसरीकडून काखेत हात घातला, सुनेने जाकीट ओढलं, आणि विहीणबाई आमच्या होडीत आल्या, माझ्या शेजारी, त्या अरुंद फळीवर. पाणी निथळत होतं. लांबून लेकीने दोन्ही हात वर केले, ठीक ना, म्हणून. विहीणबाईंनी मान हलवली. तेव्हा लेक उठली, वाकून मागे सरकली आणि त्यांच्या होडीचं सुकाणू धरलं. मी पाहत राहिले. माझी लेक, क्रेनवाल्याची, आणि होडी तिच्या हाताखाली गुपचूप वळली.

“चांगली शिकलीय,” मी म्हटलं.

“मी शिकवलंय,” विहीणबाई म्हणाल्या, आणि लगेच, “तुम्ही दांडा उलटा धरलाय.”

“मी बरोबर धरलाय.”

“उजवीकडे घ्या. पिंपावर जाताय.”

“पिंप गेलं मागे. डावीकडे घ्यायला हवं.”

त्यांनी दांड्याला हात घातला आणि आपल्याकडे ओढला. मी माझ्याकडे ओढला. ताकद दोघींची सारखी निघाली. एकीने भांडी उचललेली, एकीने नांगर. दांडा मध्यभागी घट्ट अडकला, आणि सबंध महिनाभरात पहिल्यांदा आमची होडी सरळ चालली.

मला ते कळलं नाही, कारण मी विहीणबाईंकडे बघत होते. त्यांनाही कळलं नाही. पण वल्हवणाऱ्या सगळ्या आमच्याकडेच बघत होत्या, आणि होडीमागे पाण्यावर पडणारी रेघ त्यांना दिसत होती.

सून हळूच म्हणाली, “दोघी असंच धरून ठेवा. काही सोडू नका.”

“आणि मोजणार कोण?” मास्तरणीने विचारलं.

“मोजू नका,” सून म्हणाली. “दोघी बोलत राहा. आम्ही त्यावर मारतो.”

मग आम्ही बोललो. गप्प राहून राहून दोघींच्याही घशाशी आलं होतं. मी म्हटलं, भर समुद्रात उभं राहणारी नाविक मी आज पाहिली. त्या म्हणाल्या, चालत्या होडीवर होडी घालणारी त्यांनीही आजच पाहिली. मी म्हटलं, बाळाचे दात आमच्या घरावर गेलेत. त्या म्हणाल्या, कान त्यांच्या, म्हणून तर तो सांगितलेलं ऐकतो. वल्ही सपासप पडत होती. दीपस्तंभवाल्यांच्या बरोबरीने आलो.

मग विहीणबाई एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, “लग्नात तुम्ही बोललात ना, कॅप्टनसाहेब समुद्रावर असतात म्हणून संसार सुखाचा.”

मी दांडा आणखी घट्ट धरला.

“आता निवृत्त झालेत. दिवसभर घरात. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावतात. सकाळी मला हजेरी घेतल्यासारखं हाक मारतात. तेव्हा तुमचं बोलणं लागलं होतं मला. आता पटतं.”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. चांगलं धारदार होतं. पण त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि तेवढ्यात काठी आली, म्हणजे जिंकायची खूण, आणि आम्ही तिला ओलांडून गेलो. दुसऱ्या आलो. पहिल्या कोळणी, त्या कधीच पोचून घाम पुसत बसल्या होत्या. किनाऱ्यावर इतक्या टाळ्या की आमचे हे उभे राहिले. ह्यांना टाळ्या वाजवताना मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

पण धक्क्यावर पाय ठेवतो न ठेवतो तो कारकून कागद घेऊन पुढे.

“दोन्ही होड्या बाद,” तो म्हणाला. “निघताना जितक्या व्यक्ती, तितक्याच परत यायला हव्यात. नाविक गटात एक कमी. इतर गटात एक जास्त.”

“मला पाण्यातच ठेवायला हवं होतं का?” विहीणबाईंनी विचारलं.

“तसं नाही बाई. पण नियम...”

“नियम मी लिहिलाय. त्यात पडलेल्या माणसाबद्दल काही नाही.”

“म्हणूनच तर...”

“अहो, पाहुणी आली,” मी म्हटलं. “दारात आलेल्या विहिणीला आम्ही काय परत पाठवायचं? तुमच्याकडे कोणी आलं तर तुम्ही आधी मोजता का?”

“आणि यांनी मला वाचवलं नसतं,” विहीणबाई एक पाऊल पुढे आल्या, “तर तुमच्या कागदावर काय आलं असतं? बुडालेल्यांसाठी आहे का रकाना?”

“तोही इतरमध्ये घालतील,” मी म्हटलं.

“इतरमध्ये? मला?”

“तुम्हालाच.”

“बघा, म्हणजे किती अडाणी कारभार आहे हा.”

कारकून मागे सरकत सरकत झेंड्याच्या काठीला टेकला. आम्ही दोघी दोन बाजूंनी. त्याच्या हातातला कागद ओला झाला होता, विहीणबाईंच्या बाहीने. लेक धावत आली, नातवाला कडेवर घेऊन, आणि आमच्या मधे उभी राहिली. खरं म्हणजे आमच्या आणि त्याच्या मधे.

“आई, अहो आई, पुरे करा. हा माणूस रडेल आता.”

“आम्ही भांडत नाही आहोत,” मी म्हटलं.

“एकमेकींशी तर अजिबातच नाही,” विहीणबाई म्हणाल्या.

लेक एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं हसेल, पण ती विचारात पडली होती. “तुम्ही दोघी भांडलात तर हॉटेल, असं मी म्हटलं होतं,” ती म्हणाली. “दोघी मिळून दुसऱ्याशी भांडलात तर काय, ते मी ठरवलंच नव्हतं.”

“ठरव सावकाश,” विहीणबाईंनी टोपी पिळली. “साहेब आत बसतात ना?” हे कारकुनाला.

“बैठकीत आहेत,” तो म्हणाला.

“मग बरंच झालं,” मी म्हटलं. “एकदम सगळे भेटतील.”

आम्ही कार्यालयाच्या दिशेने निघालो. मागून लेकीचा आवाज आला, “रविवारी संध्याकाळी दोघी वेळेवर या. घरीच करू. कोणाच्या ते कळवते.” आम्ही मागे न बघताच हात वर केले. कारकून आमच्या आधी पळत सुटला होता, साहेबांच्या खोलीला आतून कडी आहे का ते बघायला.